तीन फुटी टँक, बोरिंगचं पाणी आणि इंदूरचा उन्हाळा: आतापर्यंतची नोंद

डिसेंबर

माशांचा टँक ३६ × १२ × १५ इंच. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.०१६४ ने गुणलं की लिटर मिळतात; इथे साधारण १०६. वाळू, दगड आणि वरची मोकळी पट्टी वजा जाता खरं पाणी ९० लिटर. औषधाचा, मिठाचा, कशाचाही हिशेब या ९० वर करायचा. दुकानात टँकचा जो आकडा सांगतात तो काठोकाठ भरलेल्या रिकाम्या पेटीचा असतो, त्यावर औषध टाकलं तर डोस जास्त होतो. भरल्यावर सगळं मिळून वजन सव्वाशे किलोच्या पुढे जातं, म्हणून लोखंडी स्टँड, वर प्लाय, त्यावर थर्माकोलचं शीट. जागा खिडकीपासून लांब, नाहीतर शेवाळ आपल्या आधी घर करतं.

मासे कोणते हे ठरवायच्या आधी पाणी मोजलं. आमच्या राजेंद्रनगरात घरात दोन पाणी येतात. एक दिवसाआड नर्मदा, आणि रोजचं बोरिंग. नर्मदेचं पाणी १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून घाट चढवून इंदूरला आणतात, त्यात क्लोरीन असतं. बोरिंगला क्लोरीन नाही, पण माळव्याचा काळा कातळ त्यात उतरलेला. माझ्या नळावर नर्मदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) २५०च्या आसपास, बोरिंग ८०० ला टेकलेलं. बोरिंगच्या बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच हिटरच्या काचेवरही धरतो.

इथे बहुतेक नवे लोक आरओकडे पळतात. मला ते पटत नाही. निव्वळ आरओच्या पाण्यात केएच (कार्बोनेटचा कडकपणा) जवळजवळ शून्य, म्हणजे पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही. फिल्टरमधले जिवाणू आम्ल तयार करत राहतात आणि एके दिवशी पीएच धाडकन खाली येतो. शिवाय एक लिटर आरओमागे किती पाणी मोरीत जातं ते या गावात कुणाला सांगायला नको. त्यापेक्षा जे पाणी आहे त्यात रमणारे मासे आणावेत. प्लॅटी, मोली, गप्पी यांना कडक पाणी मानवतं. झेब्रा डॅनिओ तर आपल्याच देशातल्या ओढ्यांमधला, तो दोन्हीकडे खूश. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. फार्ममध्ये वाढलेला बराच सोसतो, पण त्याला ८०० टीडीएसमध्ये ठेवण्यात हशील काय? मी दोन भाग नर्मदा, एक भाग बोरिंग असं मिश्रण धरलं. पीएच ७.८, केएच ९.

डिसेंबर अखेर ते जानेवारी

टँकमध्ये मासा एकही नाही आणि फिल्टर चोवीस तास चालू. घरच्यांना हा प्रकार कळत नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, रिकाम्या पाण्याला हवा कशाला देतेस?"

कारण असं: मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सुसह्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंज, वाळू, दगड यांना चिकटून राहतात आणि सावकाश वाढतात. चार ते सहा आठवडे लागतातच, थंडीत जास्त. नव्या टँकमधले मासे पहिल्या पंधरवड्यात पटापट का मरतात याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

अमोनियासाठी मी नवसागर वापरला. हो, कल्हईवाले वापरतात तोच अमोनियम क्लोराइड, पण प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध. कल्हईच्या खड्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. ९० लिटरला अर्धा ग्रॅम टाकला की २ पीपीएमच्या (लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या) जवळ जातं. हिटर २७ अंशांवर, कारण थंड पाण्यात जिवाणू आळसावतात, आणि जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो.

पहिले काही दिवस काही म्हणजे काही होत नाही. मग चाचणी किटच्या अमोनियाच्या नळीतला हिरवा रंग उतरायला लागतो आणि नायट्राइटच्या नळीत पाचवा थेंब पडतो न पडतो तोच पाणी निळ्याचं गर्द जांभळं होतं. इथे धीर सोडायचा नाही. जांभळा रंग दोन-तीन आठवडे हटत नाही, आणि मग एका रात्रीत जातो. टाकलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य, नायट्राइटही शून्य, अशी दोन्ही नळ्यांनी साक्ष दिली की टँक तयार. नंतर निम्मं पाणी बदलून नायट्रेट खाली आणलं.

आपल्या कडक पाण्यात अमोनियाची भीती जास्त, हे लक्षात असू द्या. पीएच ७ ला, २५ अंशांवर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्के. किटवर तोच आकडा, विष नऊ-दहा पट.

फेब्रुवारी

आधी झेब्रा डॅनिओंचा थवा, पंधरा दिवसांनी प्लॅटी. "एक इंच मासा, एक गॅलन पाणी" हे गणित मी मानत नाही. दहा इंचाचा एक ऑस्कर आणि एक इंचाचे दहा डॅनिओ सारखीच घाण करतात का? दुकानात दोन बोटांएवढा ऑस्कर गोड दिसतो, पुढे फूटभर होतो. सकर फिश "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारतात, तोही फूटभर आणि वर. मोठा झाला की लोक तलावात सोडून मोकळे होतात. सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहे. तिथे कृपा करून कुणी सकर सोडू नका, तो एकदा पसरला की निघत नाही.

नवा मासा आधी वेगळ्या टबमध्ये, तीन आठवडे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असाच येतो. ठिपका म्हणजे एक परजीवी; तो कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. तो गळून वाळूत पडतो, तिथे फुटतो, आणि नवी पिल्लं पोहत मासा शोधतात तेवढ्याच वेळात औषध लागू पडतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध आणखी आठवडाभर चालू ठेवायचं.

खाण्याचा प्रश्न घरातलाच. सासूबाईंचं म्हणणं, "मी आले की कसे काचेशी येतात बघ, भुकेलेत बिचारे." येणारच, डॅनिओ कुणीही आलं तरी येतो. शेवटी एका डबीत रोजचं खाणं सकाळीच काढून ठेवायला लागले, दोन मिनिटांत संपेल इतकं. ती डबी त्यांच्या ताब्यात. सगळे सुखी.

मार्च

आठवड्याला पाव भाग पाणी बदलते. नर्मदा आली की बादल्या भरून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवायच्या. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे अँटी-क्लोरीन थेंब. बोरिंगला त्याची गरज नाही. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धरला तर क्लोरीन जिवाणू मारतं आणि जानेवारीची मेहनत पाण्यात.

रंगपंचमीच्या गेरीहून (रंग उधळणाऱ्या मिरवणुकीहून) आलेल्या माणसाने दोन दिवस टँकमध्ये हात घालू नये. आमच्याकडे काचेवर चिठ्ठीच लावली होती.

एप्रिल, मे

खरी परीक्षा आत्ता. बाहेर ४१, टँकमध्ये दुपारी ३२. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. आणि नेमका तेव्हाच मासा जास्त मागतो. पृष्ठभागावर मासे तोंड उघडताना दिसले की त्यांना भूक लागलेली नसते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

बर्फाची बाटली टाकू नका, तापमान खालीवर होऊन मासे आजारी पडतात. झाकण काढून जाळी बसवली आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला. कूलरसारखाच प्रकार: कोरडी हवा, पाणी उडतं, उरलेलं थंड होतं. माळव्याच्या मेमध्ये तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात दमट हवेत हाच पंखा निरुपयोगी.

पण उडतं ते फक्त पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. कमी झालेलं पाणी रोज बोरिंगने भरलं तर महिन्याभरात कडकपणा चढत जातो. आरओ लागतं ते इथे, फक्त भर घालायला. माझा टीडीएस एप्रिलच्या सुरुवातीला ४३० होता, आज ४५०. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप तयार आहे. खाणं निम्मं केलंय.

नायट्रेट २० वर स्थिर. प्लॅटींची पिल्लं व्हॅलिसनेरियात लपून वाढतायत. ही वनस्पती कडक पाण्यातला बायकार्बोनेट वापरते, त्यामुळे इथे बेफाम वाढते. मागची काच दिसेनाशी झाली आहे. अन्नपूर्णा-राजेंद्रनगर भागात कुणाला रोपं हवी असतील तर घेऊन जा. बदल्यात मूठभर जावा मॉस (दगडाला धरणारी पाणवनस्पती) चालेल, पण आधी टबमध्ये ठेवेन, गोगलगायी असतातच.