पोवळ्याच्या रंगाचे यीस्ट

बडोद्यातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी गेली अनेक वर्षे कल्चरचे, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचे काम पाहते, आणि रक्तात यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, आढळले म्हणजे ती नेहमीची कॅन्डिडाच असणार, असे गृहीत धरायची सवय आम्हा सर्वांनाच लागली आहे. मागच्या पावसाळ्यात मात्र सबूरो आगरच्या, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या माध्यमाच्या, प्लेटवर तिसऱ्या दिवशी यीस्टच्या ज्या कॉलन्या (पुंजके) दिसल्या, त्या पांढऱ्या नव्हत्या. ओलसर, चकचकीत आणि थेट पोवळ्याच्या रंगाच्या होत्या.

ते रोडोटोरुला म्युसिलॅजिनोसा होते. त्याचा रंग कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातला. माती, पाणी, दूध, न्हाणीघरातील ओल अशा ठिकाणी ते सहज राहते. 25 ते 30 अंशांत ते जोमाने वाढते, शरीराची ऊब त्याला तितकीशी मानवत नाही, आणि माणसाला त्याची बाधा क्वचित होण्याचे हे एक कारण आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासूबाई बादलीच्या कडेची गुलाबी बुळबुळ रोज घासून काढतात. ती जिवाणूंमुळेही येते, तरी त्या संध्याकाळी मी ती बराच वेळ निरखीत राहिले.

इतके ओळखीचे असल्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. "हवेतून पडले असेल," असे म्हणून ती प्लेट बाजूला ठेवली गेली होती. रुग्णावर कर्करोगाचे औषधोपचार चालू होते आणि त्यांच्या छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवलेली नळी, होती, हे कळल्यावर मी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून असे दोन्हीकडचे रक्त पुन्हा मागवले. दोन्ही बाटल्यांत तेच वाढले. स्लाइडवर कळ्या फुटलेल्या लंबगोल पेशी होत्या, तंतू कुठेच नव्हते. युरिया फोडणाऱ्या युरिएज या विकराची चाचणी सकारात्मक आली, जी कॅन्डिडाच्या बाबतीत सहसा येत नाही, कारण हे यीस्ट नात्याने कॅन्डिडापेक्षा क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या यीस्टला आणि अळंब्यांना जवळचे आहे.

नाव नेमके कळणे येथे फार मोलाचे होते. वॉर्डात फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले होते, आणि या यीस्टवर ते मुळातच चालत नाही. कॅस्पोफंजिनच्या गटातील औषधेही चालत नाहीत. मी अहवालाची वाट न पाहता फोन केला. डॉक्टरांनी अँफोटेरिसिन बी सुरू केले आणि लाइन काढली. तिचे टोक आम्ही आगरवर फिरवले, तेव्हा तिथेही त्याच रंगाची रेघ उमटली.