तुम्ही विचारलंत म्हणून : गेकोच्या पेटीला कोणता हीटर लावावा?

लेपर्ड गेको ही पालीच्या जातीची पाळीव सरडी नव्याने घरी आणणाऱ्यांचा मला येणारा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘पेटीला कोणता हीटर लावू?’ त्यावर मी उलट विचारते, ‘थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला हीटर चालू-बंद किंवा कमी-जास्त करणारे यंत्र) घेतला आहे का, आणि त्याचा प्रोब (तापमान मोजणारे वायरचे टोक) कुठे बसवणार आहात?’ काहींना वाटते की मी उत्तर टाळते आहे. खरे तर माझे उत्तर तेच आहे, म्हणून ते एकदा नीट मांडते.

लेपर्ड गेको हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातला प्राणी आहे. दिवसभर तो दगडांच्या कपारीत राहतो आणि संधिप्रकाशात बाहेर पडतो, तेव्हा दिवसा तापलेल्या दगडांची ऊब त्याच्या पोटाला मिळते. शरीराची उष्णता त्याला आतून राखता येत नाही; ती बाहेरूनच घ्यावी लागते, आणि खाल्लेला किडा पचणेसुद्धा तिच्यावरच अवलंबून असते. गारठलेल्या गेकोच्या पोटात अन्न तसेच पडून राहते, कधी उलटून बाहेर येते. म्हणूनच पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे गार ठेवतात, म्हणजे केव्हा तापायचे आणि केव्हा निवायचे हे त्याचे त्याला ठरवता येते. उबदार टोकाच्या जमिनीवर ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २२ ते २५ अंश असावेत. निरोगी प्रौढ गेकोला रात्री २० अंशांपर्यंतचा उतार सहज सोसतो. दोन्ही टोकांना लपायची जागा हवी, कारण लपायला एकच जागा असली आणि ती उबेवर असली, तर भित्रा गेको गरम होत असतानाही तिथून हलत नाही.

आता हीटरकडे येते. पेटीच्या तळाखाली चिकटवायची हीट मॅट दिसायला कागदासारखी पातळ, निरुपद्रवी वस्तू आहे, पण थर्मोस्टॅटशिवाय चालू ठेवली तर काचेचा पृष्ठभाग चाळिशी ओलांडून पुढे जाऊ शकतो. ‘फार तापले तर तो आपणच बाजूला होईल’ हा समज सर्वांत घातक आहे. सरपटणारे प्राणी पोटाखालच्या उष्णतेपासून पुष्कळदा वेळेत सरकत नाहीत; ते भाजेपर्यंत तिथेच बसून राहतात. आतून तापणारे कृत्रिम दगड मी कोणालाही घेऊ देत नाही, त्याचे कारण हेच : ते एखाद्याच जागी बेसुमार तापतात आणि प्राणी नेमका त्या जागेला पोट लावून बसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे थर्मोस्टॅट होता, आकडा ३२ वर लावलेला होता आणि तरीही हे घडले. पेटी साफ करताना प्रोबची वायर ओढली गेली आणि प्रोब जमिनीवरून निसटून पाण्याच्या वाटीच्या कडेला जाऊन पडला. थर्मोस्टॅटला त्या गार वाटीचेच तापमान कळत होते, त्यामुळे तो मॅटला रात्रभर वीज देत राहिला. सकाळी उबदार टोकावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तेव्हा ४४ अंश दिसले. गेको गार टोकाच्या काचेला चिकटून होती. तिला उचलून खालून पाहिले, तर एरवी दुधाळ पांढऱ्या असणाऱ्या पोटावर, मागच्या पायांच्या मध्ये, नखाएवढा लालसर डाग होता. त्या ठिकाणी आधी कातडी कडक झाली, मग पुढची कात टाकताना ती तिथेच अडकली. पशुवैद्यांचे औषध आणि रोज बदलायचा कोरडा कागद यांवर ती पूर्ण बरी झाली, परंतु थर्मोस्टॅट फक्त प्रोबच्या टोकापुरते जाणतो, ही गोष्ट मला तिच्या पोटावरच्या त्या डागाने शिकवली.

म्हणून प्रोब उबदार टोकाच्या जमिनीवर, मॅटच्या बरोबर वर आणि गेको जिथे पोट टेकते तिथे असावा, आणि वायर अशी बांधलेली असावी की प्राण्याने उकरले किंवा आपण हात घातला तरी ती हलू नये. पेटीच्या आत चिकटपट्टी मात्र लावू नका. तिला अंग चिकटले तर कातडी सोलून निघते. वायर मी बाहेरून पेटीच्या कडेला क्लिपने धरते आणि आतले टोक एका सपाट, जड फरशीच्या कडेखाली दाबते. मॅटने तळाचा तिसरा हिस्सा, फार तर अर्धा व्यापावा. तिच्यावर मातीचा जाड थर असला तर उष्णता वर न येता काचेतच साठते. शिवाय पेटीच्या तळाखाली थोडी हवा खेळायला हवी, नाहीतर खालचे टेबल तापते आणि काच तडकण्याचीही भीती असते. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका, तो त्याचे स्वतःचे मत सांगतो. वेगळ्या थर्मामीटरने जमीन मोजा. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर काचेजवळची हवा मोजतात, तुमच्या कामाची जमीन नव्हे.

वरून उष्णता द्यावी का, हेही विचारले जाते. माझे मत होकाराकडे झुकते, कारण हॅलोजन बल्बची उष्णता सूर्यासारखी वरून येते, शरीरात खोलवर पोहोचते आणि दगडालाही तापवते, तर मॅटने हवा जवळपास गरम होतच नाही. पण बल्बला जाळी लागते, सॉकेट चिनी मातीचे लागते आणि उजेड मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट लागतो. साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट लावला तर बल्ब लुकलुकत राहतो. रात्री उजेड नको, लाल बल्बचाही नको. रात्री उष्णता हवीच असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा. तो कमालीचा तापतो, त्यामुळे जाळी त्यालाही अनिवार्य आहे.

खोलीचेच तापमान तिशीच्या वर गेले की माझ्या पेटीतला हीटर बहुतेक वेळ बंद असतो, आणि तो बंद आहे याची मला काळजी नसते. त्या दिवसांत काळजी गार टोकाची असते. वीज गेली तरी काही तासांनी निरोगी गेकोचे बिघडत नाही. हवा जाण्यापुरती जागा ठेवून पेटीभोवती जाड चादर गुंडाळली तर ऊब बराच वेळ टिकते. वीज परत आली की मी आधी प्रोब जागेवर आहे ना ते पाहते, अर्ध्या तासाने जमीन मोजते, आणि त्या रात्रीचे किडे दुसऱ्या दिवसावर ढकलते.