अकॉर्डियनला मोझार्ट नाही

अकॉर्डियन म्हटले की आपल्याकडे जुन्या हिंदी चित्रपटगीतांमधले तुकडे किंवा पुण्याचे इनॉक डॅनियल्स आठवतात, तर इथे जर्मनीत बहुतेकांना जत्रेतले बिअरचे तंबू. या वाद्यावर समकालीन अभिजात संगीत वाजवून कोणी आयुष्यभराची कारकीर्द उभी करू शकते, हे फ्रायबुर्गला राहायला येऊन तेओदोरो आन्झेलोत्ती यांचे वादन ऐकेपर्यंत मला खरे वाटले नसते. १९५९ साली इटलीत जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या या वादकाने इथल्या संगीत महाविद्यालयात आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथे अध्यापनही केले आहे.

या क्षेत्रातली मुख्य अडचण इतिहासाने घालून ठेवलेली आहे. मोझार्ट १७९१ साली व्हिएन्नात वारला आणि त्याच शहरात सिरिल डेमियानने अकॉर्डियनचे पेटंट घेतले ते १८२९ मध्ये. व्हायोलिनवादकाला वारशाने मिळणारा रचनांचा साठा अकॉर्डियनवादकाला मिळत नाही. तो त्याला जिवंत रचनाकारांकडून लिहवून घ्यावा लागतो. डेन्मार्कच्या मोगेन्स एलेगार्ड यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून हेच केले आणि पुढे कोपनहेगनच्या अकादमीत शिष्यांची एक पिढी घडवली. रशियात फ्रीडरिख लिप्स यांच्यामुळे सोफिया गुबायदुलिना बायान या रशियन अकॉर्डियनकडे वळल्या आणि १९७८ मध्ये त्यांची ‘दे प्रोफुंदिस’ ही रचना आकाराला आली. इटालियन रचनाकार लुचानो बेरिओ यांनी १९९५ मध्ये ‘सेक्वेन्झा’ या आपल्या एकल रचनांच्या मालिकेतली तेरावी रचना लिहिली, ती आन्झेलोत्तींसाठी.

‘दे प्रोफुंदिस’ ऐकताना एक गोष्ट अवश्य टिपावी. डाव्या अंगठ्याखाली हवेचे एक बटण असते. ते दाबून भाता ओढला की सूर न उमटता केवळ वारा वाहतो, आणि वाद्य दम लागल्यासारखे श्वास घेते. आपल्या पेटीतही अशाच धातूच्या पट्ट्या हवेने कंप पावतात, मात्र पेटीवाल्याचा एक हात भात्यासाठी मोकळा असतो. इथे डाव्या हाताला भाताही सांभाळावा लागतो आणि बटणेही. शिवाय साध्या अकॉर्डियनवर डावीकडची बरीचशी बटणे तयार स्वरसंघ देतात, तर मैफिलीच्या वाद्यावर ‘फ्री बास’ पद्धतीमुळे तिथेही सुटे स्वर मिळतात. अठराव्या शतकातल्या स्कार्लाट्टीच्या रचनांपासून आजच्या रचनांपर्यंतचा रस्ता त्यामुळेच मोकळा झाला.

पोटापाण्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. वाद्यवृंदात अकॉर्डियनला कायमची खुर्ची नसते, म्हणून बहुतेकांना शिकवण्या, नव्या संगीताच्या लहान वाद्यसमूहांतली निमंत्रणे आणि अनुदाने यांवर भागवावे लागते. एवढे करून रचनाकाराशेजारी तासन्‌तास बसणे हाही कामाचाच भाग आहे, कारण एका ओढीत भात्याला हवा किती वेळ पुरेल आणि भाता उलटताना सूर कुठे तुटेल, हे पियानोपुढे बसून लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.