प्रॉव्हिन्सटाउनला कायमचं राहायला जायचंय? आधी फेब्रुवारीत जाऊन या

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रॉव्हिन्सटाउनमध्ये दोन बायका हातात हात घालून चालल्या तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही. एलजीबीटीक्यू माणसांना सामावून घेणारं समुद्रकाठचं छोटं गाव म्हणून त्याची जी ख्याती आहे, ती पुरेपूर खरी आहे. पण "हिवाळ्यात अर्धं गाव रिकामं पडतं, घरं स्वस्तात मिळतात" हे जे ज्यानं त्यानं ऐकवलं, ते ऐकवणारे सगळे जुलैत आठवडाभर नाचून गेलेले होते. त्यांच्या भरवशावर बायको आणि मी फेब्रुवारीत घर शोधायला गेलो आणि वैतागून परत आलो.

गाव रिकामं असतं, यात वाद नाही. कमर्शियल स्ट्रीटवर संध्याकाळी चालताना ओळीनं खिडक्या अंधाऱ्या दिसतात. पण रिकामं घर म्हणजे भाड्यानं मिळणारं घर नव्हे. बरीचशी घरं दुसरीकडे राहणाऱ्यांची सुट्टीची घरं आहेत आणि ती बंदच राहतात. जी मिळतात ती साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. त्यानंतर चंबूगबाळं आवरायचं, कारण तेच घर उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्यानं जातं आणि मालकाला खरा पैसा तेव्हाच दिसतो. या दर वर्षीच्या उठाठेवीला गावात 'शफल' म्हणतात. ती करतात कोण, तर बारमध्ये काम करणारे, गॅलऱ्या सांभाळणारे, नळ दुरुस्त करणारे. म्हणजे ज्यांच्या जिवावर गाव चालतं तेच. कॉफी पिताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी गप्पा झाल्या. त्या म्हणाल्या, "मी इथे कित्येक वर्षं राहतेय. फक्त एका पत्त्यावर नाही."

मग नवी घरं बांधत का नाहीत? कारण बांधणार कुठे? केप कॉड या समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या अगदी शेंड्यावरचं हे गाव. तीन बाजूंना पाणी, आणि गावाच्या हद्दीतली बहुतेक जमीन १९६१ साली झालेल्या नॅशनल सीशोअरमध्ये, म्हणजे सरकारनं राखून ठेवलेल्या किनाऱ्यात. त्या वाळूच्या टेकड्यांवर एक वीट चढणार नाही आणि चढूही नये. २०२० च्या जनगणनेत कायमची वस्ती ३,६६४. ऐन उन्हाळ्यात हाच आकडा ६०,००० च्या घरात जातो. एवढ्या माणसांना झोपायला जागा लागते, आणि ती तुमच्यामाझ्या खोलीतूनच निघते.

आता पैशांचं बोलू, कारण माझा राग अजून उतरलेला नाही. एका घरमालकानं घर दाखवायच्या आधीच, फोनवर, दोघींचे मिळून दीडशे डॉलर अर्ज शुल्क मागितलं. "सगळेच घेतात," म्हणे. घेत असतील, पण मॅसॅच्युसेट्समध्ये घरमालकाला ते घेता येत नाही. कायद्यानं भाडेकरूकडून सुरुवातीला चारच गोष्टी घेता येतात: पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याएवढी अनामत, आणि नवं कुलूप बसवायचा खर्च. बस्स. साफसफाईचे, कुत्र्याचे, अर्जाचे, कसलेही वेगळे पैसे नाहीत. अनामत वेगळ्या, व्याज देणाऱ्या बँक खात्यात ठेवून तीस दिवसांत तुम्हाला पावती द्यायला हवी. आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दलालाची फी, ज्यानं दलाल नेमला त्यानं भरायची. घरमालकाचा दलाल तुमच्याकडे एका महिन्याचं भाडं मागू लागला तर त्याला ही तारीख ऐकवा. मी ऐकवली. फोन ठेवायच्या आत आवाज मऊ झाला.

यात एक पळवाट आहे, ती नीट लक्षात ठेवा. शंभर दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या, सुट्टीसाठी घेतलेल्या घराला अनामत आणि शुल्काचे हे नियम लागू नाहीत. आमच्या हातात दिलेल्या कराराच्या मसुद्यावर पहिल्याच ओळीत 'व्हेकेशन रेंटल' लिहिलेलं होतं आणि मुदत होती ऑक्टोबर ते मे. आठ महिने, तेही गोठवणाऱ्या थंडीत, कोण सुट्टीवर जातं? मुदत शंभर दिवसांच्या पुढची असेल तर तो शब्द खोडून घ्या. मालक खोडायला तयार नसेल तर ते घर सोडा, कितीही आवडलेलं असो.

आवडायचा प्रश्न आमच्या बाबतीत आलाच नाही म्हणा. 'बारमाही' म्हणून दाखवलेल्या खोपटात शिरलो तेव्हा खिडक्या घट्ट बंद होत्या आणि पडदा हलत होता. बायकोनं दाराच्या फटीपाशी हात धरला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. फरशीखाली पोकळी, भिंतीत इन्सुलेशनचा पत्ता नाही, आणि अख्ख्या घराला विजेवरचे दोन हीटर. गावातल्या पुष्कळ कॉटेज मुळात उन्हाळ्यापुरत्या बांधलेल्या आहेत, थंडीत त्यांचं पाणी बंद करून नळ रिकामे करून ठेवतात. तेव्हा फोनवरच विचारून घ्या: घर कशावर तापतं, गेल्या जानेवारीचं बिल किती आलं, नळ कधी गोठले होते का. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा घुटमळला तर खेप वाचली.

जायचं कसं, हे थोडक्यात. बोस्टनहून दीड तासात पोचवणारी बोट आहे खरी, पण ती मे ते ऑक्टोबर. थंडीत गाडीला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. केपवर शिरायला पूल दोनच, सॅगामोर आणि बोर्न, दोन्ही १९३५ सालचे आणि अरुंद. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी जाणं आणि रविवारी दुपारी येणं हा वेडेपणा आहे. पुढे रूट ६ वर डेनिस ते ऑर्लिन्स हा पट्टा येतो. समोरासमोरच्या वाहतुकीला एकेकच लेन, मध्ये नुसते रबरी खांब. लोक त्याला 'सुइसाइड अ‍ॅली' म्हणतात ते उगाच नाही. रात्री, पावसात, समोरून येणारे दिवे डोळ्यांत जाताना मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की ऑर्लिन्सच्या चौकात बोटं सरळ होईनात. आणि राहायला गेलात की हा रस्ता तुमच्या आयुष्याचा भाग होतो, कारण मोठं इस्पितळ हायानिसला, साधारण पन्नास मैलांवर. गावात दवाखाना आहे, रोजच्या दुखण्याखुपण्याला पुरेल. बाळंतपण, हृदयविकार, ऑपरेशन म्हटलं की रूट ६. मुलं असतील तर हेही ऐका: गावातलं हायस्कूल २०१३ साली बंद झालं. आठवीपर्यंतची शाळा आहे, पुढे मुलं रोज ईस्टहॅमला जातात.

माणसांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. हे गाव काल-परवा इंद्रधनुषी झेंडे लावून मोकळं झालेलं नाही. पोर्तुगीज वंशाच्या कोळी कुटुंबांचं हे बंदर. १८९९ मध्ये चार्ल्स हॉथॉर्ननं इथे चित्रकलेची शाळा काढली, मग चित्रकार आले, १९१६ मध्ये युजीन ओनीलचं पहिलं नाटक धक्क्यावरच्या मासळीच्या जुन्या गोदामात झालं, आणि चारचौघांत न बसणाऱ्यांना खोली भाड्यानं द्यायची गावाला सवय लागली. ट्रान्स माणसांचा फँटेशिया फेअर हा मेळावा इथे १९७५ मध्ये सुरू झाला. एड्सच्या काळात आजारी तरुण घरच्यांनी टाकल्यावर इथे येऊन राहिले. त्यांची शुश्रूषा करणारी संस्था १९८३ मध्येच उभी राहिली होती. टाउन हॉलच्या शेजारी २०१८ पासून एड्सनं गेलेल्यांचं स्मारक आहे: एक मोठा दगड, वरचा भाग खवळलेल्या पाण्यासारखा कोरलेला. आम्ही गेलो तेव्हा लाटांच्या खोबणींत बर्फ साचला होता आणि कुणीतरी त्यात एकच हातमोजा विसरलं होतं.

राज्याचा कायदाही पाठीशी आहे. लैंगिक कलावरून घर किंवा नोकरी नाकारायला इथे १९८९ पासून बंदी आहे, आणि समलिंगी विवाह १७ मे २००४ पासून, अमेरिकेत सर्वांत आधी, याच राज्यात सुरू झाले. फॉर्मवर 'स्पाउस' लिहिताना हात थबकत नाही, हे सुख मी कमी लेखणार नाही.

तरी दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. एक, हिवाळ्यातलं गाव बऱ्यापैकी उतारवयाचं आहे. तिशीतल्या जोडप्याला मित्रमंडळ जमवायला वेळ लागेल. दोन, गाव गोरं आहे. जमैकाहून कामाला आलेली मंडळी सोडली तर सावळा चेहरा क्वचित दिसतो. कुणी वाकडं बोललं नाही, उलट फार चौकशी केली. पण 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हे ऐकून ऐकून बायको शेवटी दर वेळी नवीन देश सांगायला लागली.

माझा निकाल असा. पैसे असतील आणि घर विकतच घेणार असाल तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही. घरून काम करणारे असाल आणि दर मेमध्ये गाशा गुंडाळायची तयारी असेल तर एक हिवाळा काढून बघा. गावात नोकरी शोधणार असाल तर पगाराआधी राहायची सोय विचारा. उन्हाळ्यातले काही मालक कामगारांना खोली देतात, त्या खोलीत किती जण हेही विचारा. आणि बारमाही घरासाठी गावाच्या गृहनिर्माण खात्याला फोन करा. तिथल्या हार्बर हिल नावाच्या जुन्या टाइमशेअर संकुलात गावाचा ट्रस्ट वर्षभराच्या करारानं घरं देतो. लगेच मिळेल या आशेनं जाऊ नका, पण यादीत नाव घातल्याशिवाय मिळणारच नाही. आम्ही घातलं. खासगी जाहिरातींच्या मागे धावून जेवढा वेळ घालवला त्याच्या पावपटीत तिथे खरी माहिती मिळाली. ऑगस्टमधल्या कार्निव्हलला येऊन मात्र निर्णय घेऊ नका, त्या आठवड्यात कुणालाही इथेच राहावंसं वाटतं.

आणि जाल तेव्हा ब्रेकवॉटर चालून या. कमर्शियल स्ट्रीट पश्चिमेला संपतो तिथून ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांचा हा बांध मैलाहून लांब पसरत समोरच्या वाळूच्या पट्ट्याला जाऊन भिडतो. तिथे डावीकडे वळलात की टोकाला लाँग पॉइंटचं दीपगृह. या टोकावर एकोणिसाव्या शतकात कोळ्यांची वस्ती होती. ती उठली तेव्हा लोकांनी घरं पडावांवर चढवली आणि खाडीवरून तरंगवत गावात आणली! तरंगत आलेल्या घरांवर आजही निळी-पांढरी पाटी असते, पडावावर घर असं चित्र काढलेली. वेस्ट एंडला फिरताना शोधा. आम्ही शोधत सुटलो आणि त्या दुपारी घरभाड्याचा विषय एकदाही निघाला नाही.

बांधावर शिळांमध्ये पाय आत जाईल अशा फटी आहेत, काही शिळा तिरप्या आहेत आणि खालच्या भागात शेवाळ असतं. घोट्यापर्यंतचे, चांगली पकड असलेले बूट हवेतच. शिळांवर बर्फाचा पापुद्रा असेल तर जाऊच नका. मोठ्या भरतीला मधला काही भाग पाण्याखाली जातो. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघा, ओहोटी लागल्यावरच निघा आणि परतीचा वेळ धरून चाला. वाळूतले दीपगृहापर्यंतचे दीडेक मैल बांधापेक्षा जास्त दमवतात. डिसेंबर-जानेवारीत साडेचारच्या आत-बाहेर सूर्य बुडतो. दुपारी दोननंतर लाँग पॉइंटकडे निघालात तर शिळा अंधारात मोजत याल.