सात दिवसांचे सोळा दिवस

एप्रिलमध्ये देवगडला आमची आंबा काढणी ऐन भरात होती. गड्यांची मजुरी द्यायची होती आणि माझ्या कामाचे पैसे इथर या क्रिप्टो चलनाच्या रूपात एका लेयर टू नेटवर्कवर, म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनच्या वर बांधलेल्या स्वस्त नेटवर्कवर, पडून होते. इथर विकून रुपये घ्यायचे तर माझं एक्स्चेंज फक्त इथेरियमच्या मुख्य साखळीवरचं इथर घेतं. म्हणून अधिकृत ब्रिजवरून, म्हणजे एका साखळीवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सोयीवरून, पैसे काढायला लावले. सात दिवस लागतात हे माहीत होतं, म्हणून बाबांना सांगितलं, पुढच्या सोमवारी मिळतील.

सोमवार उजाडला. घरात रेंज नसते, म्हणून सड्यावर जाऊन ब्रिजचं पान उघडलं, तर तिथे 'प्रूव्ह' नावाचं बटण. सात दिवस मोजायला सुरुवातच झाली नव्हती! या ब्रिजवरून पैसे काढण्याच्या तीन पायऱ्या असतात. सुरुवात लेयर टूवर करायची. मग साधारण तासाभराने 'प्रूव्ह' आणि त्यानंतर सात दिवसांनी 'क्लेम', हे दोन्ही मुख्य साखळीवर. मी पहिलं बटण दाबून आठवडाभर निवांत बसलो होतो. मधली पायरी राहिलीय हे कुणी ठळक सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

बटण दाबलं तर गॅससाठी, म्हणजे व्यवहाराच्या फीसाठी, शिल्लक नाही. माझं सगळं इथर लेयर टूवर आणि गॅस द्यायचा मुख्य साखळीवर. वॉलेटचा पत्ता तोच, पण शिल्लक वेगवेगळी. एक्स्चेंजवर थोडं इथर विकत घेतलं, तर नवीन पत्ता म्हणून २४ तासांची अडवणूक. तेव्हा आधीच थोडं इथर मुख्य साखळीवर ठेवा, निदान दोन व्यवहारांपुरतं. बुधवारी ते आलं, 'प्रूव्ह' झालं आणि खरे सात दिवस सुरू झाले.

बाबा रोज विचारायचे, "रे, पैसे खय आसत?"

त्यांना पेट्यांचं उदाहरण दिलं. प्रत्येक बागायतदार वाशीला वेगळी गाडी नेत नाही. सगळ्यांच्या पेट्या एका टेम्पोत जातात, भाडं वाटून घेतात. माझं लेयर टू ज्या प्रकारचं आहे तो रोलअपही हजारो व्यवहार बाहेर करून त्यांचा डेटा एकत्र मुख्य साखळीवर टाकतो. मार्च २०२४ च्या डेनकन अपग्रेडनंतर हा डेटा ब्लॉब नावाच्या वेगळ्या, स्वस्त जागेत जायला लागला आणि फी खूपच उतरली. माझ्यासारख्या ऑप्टिमिस्टिक रोलअपमध्ये हिशोब खरा धरून चालतात; खोटा निघाला तर हरकत घ्यायला मुदत लागते, तेच ते सात दिवस. ही मुदत मला पटते. झेडके रोलअप प्रत्येक हिशोबासोबत गणिती पुरावा देतात, म्हणून तिथे एवढं थांबावं लागत नाही. आर्बिट्रम या दुसऱ्या लेयर टूवर मुदत जवळपास तेवढीच, पण मधलं 'प्रूव्ह' नाही.

घाई असेल तर तिसऱ्या कुणाच्या ब्रिजवरून थोडी फी देऊन काही मिनिटांत काम होतं. भरवसा मात्र त्यांच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या त्यांच्या कोडवर, ठेवावा लागतो. मोठ्या रकमेला मी ठेवला नाही. आणि हो, इथर विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. पैसे आले त्या दिवशीचा रुपयातला भावही लिहून ठेवा.

सोळाव्या दिवशी, बुधवारी पहाटे सड्यावर उभा राहून 'क्लेम' केलं. मजुरी बाबांनी उसनवारीवर भागवली होती. ते पैसे त्याच संध्याकाळी फेडले.