पाण्यातच मुक्कामाला असलेली पाँटून: या हंगामातली कामं

अटलांटाच्या उत्तरेला, लेक लॅनिअरवर आमची पाँटून, म्हणजे पोकळ धातूच्या ट्यूबांवर तरंगणारी सपाट तळाची बोट, बारा महिने पाण्यातच असते. बावीस फुटी, दोन ट्यूबची, मागे टांगलेलं ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. हा जलाशय हिवाळ्यात गोठून जात नाही, त्यामुळे मिनेसोटा-मिशिगनमधल्या मंडळींसारखी थंडीआधी बोट बाहेर काढण्याची सक्ती इथे नाही. मनात आलं की दोर सोडायचा आणि निघायचं. मात्र ट्यूबचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सतत पाण्यात असतो, आणि सगळी खरी देखभाल त्या पत्र्याभोवती फिरते. सीट, कार्पेट, स्पीकर यांचं नंतर बघता येतं.

मार्चमध्ये बोट ट्रेलरवर घेतली. पाणरेषेखाली शेवाळाचा हिरवट-तपकिरी थर होताच. तो बोट चढवायच्या उताराजवळच, ओला असतानाच प्रेशर वॉशरने काढला. एकदा वाळला की तेच काम चौपट होतं. उरलेल्या डागांना सौम्य फॉस्फोरिक आम्लाचं क्लीनर लावलं. दुकानात ‘अ‍ॅल्युमिनियम ब्राइटनर’ म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, तेव्हा लेबल नीट वाचा. ते कातडीतून आत शिरून थेट शरीरातल्या कॅल्शियमवर जातं. माझ्या घरात त्याला जागा नाही. पाणरेषेखाली आरशासारखं पॉलिश करण्याच्याही मी विरोधात आहे. पत्र्यावर आपोआप येणारा राखाडी थर म्हणजे धातूनेच स्वतःवर चढवलेलं कवच. ते घासून काढायचं आणि बोट पुन्हा पाण्यात सोडायची, यात पत्र्याचं काहीच भलं नाही. शेवाळ येऊ नये म्हणून रंग लावायचाच असेल तर तो तांबं नसलेला हवा. तांब्याचा रंग अ‍ॅल्युमिनियमवर लावला तर दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम.

आता मुख्य विषय: अ‍ॅनोड. म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजावा म्हणून ट्यूबला जोडलेला धातूचा तुकडा. बोटीबरोबर आलेले अ‍ॅनोड जस्ताचे होते आणि जवळजवळ नव्यासारखे दिसत होते. पुष्कळांना हे शुभलक्षण वाटतं. खरं तर अ‍ॅनोडचं काम झिजण्याचं. तो झिजत नसेल तर त्याच्या वाट्याचं दुसरं काहीतरी झिजतंय. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट, कडक पापुद्रा धरतो आणि ते निष्क्रिय होतं. उजव्या ट्यूबच्या मागच्या टोकाला, मोटरच्या बाजूला, मोहरीएवढे खड्डे पडलेले सापडले. हा पत्रा बहुधा ५०५२ जातीच्या मिश्रधातूचा, जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. तिथे मोहरीएवढा खड्डासुद्धा मी गांभीर्याने घेतो.

जस्त काढून मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड बसवले. समुद्राच्या पाण्यात संदर्भ इलेक्ट्रोडने (ज्याच्या तुलनेत धातूचा विद्युतदाब मोजतात तो) मोजलं तर जस्त साधारण उणे १०३०, अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड उणे ११०० आणि मॅग्नेशियम उणे १६०० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. गोडं पाणी विजेचं वाहक म्हणून कमजोर, म्हणून तिथे हा जास्तीचा जोर लागतो. कोकणातल्या खाडीत बोट ठेवणाऱ्यांनी मात्र माझी नक्कल करू नये. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम झपाट्याने संपतं, आणि त्याचा जोर इतका जास्त पडतो की रंगाला फोड येतात, खुद्द अ‍ॅल्युमिनियमलाही इजा होते. तिकडे अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोडच योग्य.

बसवताना ट्यूबवरची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळले आणि मल्टीमीटरने अ‍ॅनोड ते ट्यूब रोध तपासला. एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. अ‍ॅनोडवर रंगाचा थेंबही नको. आउटबोर्डचे स्वतःचे अ‍ॅनोड वेगळे असतात, ब्रॅकेटवर आणि गिअरकेसपाशी; तेही त्याच दिवशी बदलले.

नंतर पाण्यात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा तसाच संदर्भ इलेक्ट्रोड सोडून मोजमाप घेतलं. आधी ट्यूब उणे ७९० मिलिव्होल्ट दाखवत होती, आता उणे १०१० च्या आसपास स्थिर आहे. अ‍ॅनोड नसतानाच्या आकड्यापेक्षा किमान २०० मिलिव्होल्टचा फरक पडला पाहिजे, हा सर्वमान्य निकष. हा इलेक्ट्रोड तसा महाग नाही, आणि माझ्या मते पाण्यात बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा. नुसत्या डोळ्यांना खड्डा पडल्यावरच कळतं.

पण एवढे खड्डे पडण्याचं कारण फक्त जस्त नव्हतं. बॅटरी चार्जर धक्क्यावरच्या, म्हणजे बोटी बांधण्याच्या जागेवरच्या, विजेला कायम जोडलेला असायचा. त्या केबलमधली हिरवी अर्थिंगची तार बोटीला धक्क्याशी जोडते आणि धक्क्यामार्फत शेजारच्या प्रत्येक बोटीशी. शेजाऱ्याच्या पितळी व्हाल्व्हसाठी, ब्राँझच्या प्रोपेलरसाठी आपली ट्यूब अ‍ॅनोड होऊन बसते. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हा त्यावरचा रूढ इलाज. त्यातले डायोड साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह अडवतात आणि बिघाडाच्या वेळी एसीला अर्थिंगची वाट मोकळी ठेवतात. ज्यांच्या बोटीवर फ्रिज किंवा एअर कंडिशनर आहे त्यांनी तो जरूर बसवावा. हिरवी तार कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, तो जिवाशी खेळ आहे.

मी केबलच काढून टाकली. आमचा स्लिप (धक्क्यावरची बोटीची जागा) उघड्यावर आहे, ऊन भरपूर. बिमिनीच्या (बोटीवरच्या कापडी छताच्या) मागच्या दांडीवर २० वॉटचं सोलर पॅनल, सोबत छोटा चार्ज कंट्रोलर. भर उन्हात अँपिअरभर मिळतं आणि आमच्यासारख्या बोटीला तेवढं पुरतं. बॅटरी भरलेली असते आणि शेजाऱ्यांच्या धातूंशी नातं संपलं.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. वीज असलेल्या धक्क्याजवळ पोहू नका, मुलांना पोहू देऊ नका. गोड्या पाण्यात गळतीचा प्रवाह पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून सहज वाहतो, स्नायू आखडतात आणि चांगला पोहणारा माणूसही बुडतो. लॅनिअरची उन्हाळी पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट. डिसेंबर २००७ च्या दुष्काळात ती १,०५०.७९ फुटांपर्यंत उतरली होती. पातळी अशी हलली की तरंगता धक्का सरकतो, केबल ताणल्या जातात किंवा पाण्यात लोंबतात, आणि गळती तिथेच सुरू होते. ज्यांची बोट धक्क्याच्या विजेला जोडलेली आहे त्यांनी संपूर्ण केबलभोवती क्लॅम्प मीटर (तारेला पकडून प्रवाह मोजणारं यंत्र) लावून बघावा. आकडा शून्य यायला हवा. नसेल तर आधी ब्रेकर बंद, मग इलेक्ट्रिशियन.

उजव्या ट्यूबचं दुसरं दुखणं: धक्क्याला बांधलेली बोट त्या बाजूने मागे किंचित खाली झुकत होती. ट्रेलरवर ड्रेन प्लग उघडला तर मागच्या कप्प्यातून पाणी आलं. ट्यूबच्या आत वेगवेगळे कप्पे असतात म्हणून बोट बुडत नाही, पण वजन वाढतं आणि चालण्यात फरक पडतो. कप्प्यात दोन-तीन पीएसआय दाबाची हवा भरली (कॉम्प्रेसर सरळ जोडू नका, जास्त दाबाने शिवण उसवते), साबणाचं पाणी लावलं आणि ब्रॅकेटच्या वेल्डपाशी बारीक बुडबुडे आले.

एवढ्याशा भोकातून इतकं पाणी आत कसं येतं, याचं उत्तर मला फार आवडलं. उन्हात उभी बोट ५० अंशांपर्यंत तापली आणि १५ अंशांच्या पाण्यात उतरवली, तर आतल्या हवेचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ट्यूब स्वतःच पाणी आत ओढून घेते. त्यामुळे आता बोट पाण्यात सोडतो ती पहाटे, पत्रा गार असताना.

दुरुस्ती अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. त्याआधी कप्पा पूर्ण वाळवला, प्लग उघडा ठेवला, बॅटरीच्या तारा आणि इंजिनचा कॉम्प्युटर सोडवला. मग पुन्हा साबणाची चाचणी. बुडबुडा नाही, आणि बोट आता सरळ तरंगते.

बाकी किरकोळ: गिअर ऑइल स्वच्छ निघालं, दुधाळ नाही, म्हणजे सील शाबूत. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. म्हणून पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बदलला आणि टाकीत पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घातला. क्लीटपाशी (दोर बांधायच्या खुंटीपाशी) दोर झिजत होते, तिथे जुन्या पाइपचे तुकडे चढवले.

ऑक्टोबरात पाणी उतरायला लागलं की स्लिपची खोली मोजायची आहे, ट्यूबचं मागचं टोक चिखलाला टेकता कामा नये. त्याच वेळी मॅग्नेशियम किती झिजलं ते बघेन. निम्म्यापेक्षा कमी उरलं असेल तर लगेच बदलणार, वसंत ऋतूपर्यंत थांबणार नाही.