बुटांपर्यंतचं अंतर

चालायला गेलेला माणूस बाराव्या मिनिटाला कंटाळून परत फिरला, असं सहसा होत नाही. तोवर अंग मोकळं झालेलं असतं, पाय आपसूक पडत असतात. तो कंटाळतो पांघरुणात, नाहीतर मोजे शोधताना. एक मोजा सापडला, दुसरा सापडेना, एवढ्या निमित्तावर त्या दिवसाचं चालणं बारगळतं. म्हणजे मनाची कुरकुर चालण्याबद्दल नसतेच, ती बुटांपर्यंत पोचण्याबद्दल असते. आणि आपण इच्छाशक्ती, निर्धार, शिस्त अशी जड शस्त्रं काढून भलत्याच ठिकाणी लढत बसतो.

म्हणून आधी हे अंतर मोजावं. उठणं, तोंड धुणं, कपडे शोधणं, मोजे, बूट, किल्ली, दार. यातल्या प्रत्येक ठिकाणी मनाला ‘आज राहू दे’ म्हणायला वाव आहे. मधल्या चार गोष्टींची तजवीज आदल्या रात्रीच करता येते. कपडे खुर्चीवर, किल्ली त्याच कपड्यांच्या खिशात, बूट दाराशी आणि मोजे बुटांत खुपसलेले. नाडी मात्र सैल सोडून ठेवावी. गाठ न सोडता ओढून काढलेला बूट सकाळी पायात जात नाही. वाकून गाठ सोडवावी लागते आणि पेंगणाऱ्या माणसाला परत फिरायला तेवढं कारण पुरतं. जाग आल्यावर डोकं ताळ्यावर यायला बहुधा पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. या वेळात जे काही ठरवायचं राहिलं असेल, त्याचा निकाल अंथरुणाच्या बाजूनेच लागतो. तेव्हा सकाळसाठी ठरवण्याजोगं काही शिल्लकच ठेवू नये.

बसून करायच्या कामांत हे अंतर डोळ्यांना दिसत नाही, कारण ते डोक्यात असतं. ‘अभ्यास करायचाय’ म्हटलं की मन बिचकतं. ‘बेचाळिसाव्या पानावरची पहिली दोन गणितं’ म्हटलं की बिचकायला फारसं काही उरत नाही. ज्याला आपण आळस म्हणून स्वतःला बोल लावतो, तो पुष्कळदा नुसता गोंधळ असतो: नेमकं कुठून सुरू करायचं हेच ठाऊक नसतं. उपाय काम संपवताना करायचा. उठण्याआधी पुढची एक कृती चिठ्ठीवर लिहावी, वही त्याच पानावर उघडी ठेवावी आणि चिठ्ठी वर ठेवावी. लिहिणाऱ्याने तर पुढचं वाक्य डोक्यात तयार असतानाच उठावं.

टाळाटाळीला एक गोड फळही असतं, ते मान्य करायला हवं. ‘उद्यापासून’ म्हटलं की त्याच क्षणी हायसं वाटतं. हे हायसं वाटणं हेच बक्षीस, आणि ते रोखीचं. चालण्याचं बक्षीस उधारीवरचं, कित्येक आठवड्यांनी मिळणारं. रोज रोख बक्षीस मिळत गेल्यामुळे टाळण्याचीच सवय पक्की होऊन बसते. नव्या सवयीची स्पर्धा रिकाम्या जागेशी नसते, या मुरलेल्या सवयीशी असते. म्हणून सुरुवात इतकी लहान असावी की टाळून हायसं वाटण्याइतकं ओझंच नसावं. दोन मिनिटं चालणं, एक परिच्छेद वाचणं, तीन दंड. माप ठरवायचं ते उत्साहाच्या दिवशी नव्हे. डोकं दुखत असताना, घरी उशिरा पोचल्यावरही जे जमेल तेच खरं माप.

खालची मर्यादा बरेच जण पाळतात. फसतं ते वरची मर्यादा न ठेवल्यामुळे. दोन मिनिटं ठरवलेली असतात, चौथ्या दिवशी स्फुरण चढतं आणि पाऊण तास होतो. सवय नसलेल्या व्यायामाने येणारी अंगदुखी लगेच जोर धरत नाही, ती साधारण चोवीस ते बहात्तर तासांत चढते, म्हणजे नेमकी उत्साह ओसरत असताना. त्याहून वाईट म्हणजे मन पाऊण तासच लक्षात ठेवतं. पाचव्या दिवशी दोन मिनिटं म्हणजे अपमान वाटतो, पाऊण तासाची तयारी नसते, मग काहीच होत नाही. पहिले दोन आठवडे दहा मिनिटांच्या वर जायचंच नाही असं ठरवावं. आरंभशूरांना हे पथ्य सगळ्यांत जड जातं, आणि गरजही त्यांनाच जास्त.

‘रोज सकाळी करीन’ ही वेळ झाली नाही, ही सदिच्छा झाली. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ‘अमुक झालं की तमुक करीन’ ही रीत दिसायला बाळबोध, पण पुढच्या बऱ्याच प्रयोगांत ती नुसत्या निश्चयापेक्षा सरस ठरली. तिच्यातलं ‘अमुक’ निवडताना दोन चुका होतात. एक म्हणजे ते धूसर असतं. ‘जेवणानंतर’ हे दोन तासही टिकू शकतं; ‘ताट घासायला टाकलं की’ हा एक क्षण आहे. दुसरी चूक जागेची. खूण मिळते न्हाणीघरात, दात घासून झाल्यावर, आणि चटई असते पलंगाखाली, खोक्यांच्या मागे. खुणेपासून साहित्य चार पावलांत हवं.

मग किती दिवस? एकवीस दिवसांचा जो बोलबाला आहे, त्याचा धागा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनपर्यंत जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं होतं. त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. कृती अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ निघाला ६६ दिवस, आणि पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत; बारा आठवड्यांपलीकडचे आकडे अर्थात आकडेमोडीने पुढे ताणून काढलेला अंदाज. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर बसली, व्यायामाची रेंगाळली. त्याच अभ्यासात, एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असंही आढळलं.

ही शेवटची गोष्ट मला आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. कारण चुकलेल्या दिवसानंतरची टाळाटाळ निराळी असते, तिच्यात कंटाळ्यापेक्षा शरम जास्त. कॅलेंडरवर सलग फुल्या मारण्याची पद्धत इथे उलटते: साखळी तुटली की कॅलेंडरकडे बघवत नाही. त्यापेक्षा महिन्याची बेरीज ठेवावी, तीसपैकी बावीस झाले तरी उत्तम म्हणावं, आणि चुकलेल्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नये. कॅनडातल्या विद्यार्थ्यांच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. स्वतःला फटकारल्याने शिस्त येते, असं मानणाऱ्यांना हे पचणार नाही. मात्र दोन आठवडे उलटले तरी आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर हा सवयीचा प्रश्न नव्हे, डॉक्टरांना भेटावं.

सवय सोडायची असेल तर हाच हिशेब उलटा. अंतर वाढवायचं: फोनचा चार्जर दुसऱ्या खोलीत, ॲपमधून दर वेळी लॉगआउट, पासवर्ड कागदावर आणि कागद कपाटात.

एवढं जमल्यावरही प्रवासात सगळं कोलमडतं, कारण सवय माणसाइतकीच जागेलाही चिकटलेली असते. दार वेगळं, खुर्ची वेगळी, दात घासायची वेळ वेगळी; खूणच नाहीशी होते. तेव्हा प्रवासाची आवृत्ती निघण्याआधीच ठरवावी: खोलीतल्या खोलीत दोन मिनिटं, तीही बूट न घालता. परतल्याच्या रात्री, बॅग रिकामी करण्याआधी, मोजे बुटांत घालून बूट दाराशी ठेवावेत. बॅग काय, दोन दिवस तशीच पडून राहिली तरी चालते.